दोनशे रुपयांत गळाची काठी: बांबू निवडण्यापासून गळ बांधण्यापर्यंत

आर्वीकडच्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांच्या सहावीतल्या मुलाला मासोळ्या धरायचं वेड लागलंय. खर्चायला दोनशे रुपयांच्या वर नाहीत आणि दुकानातली रीळवाली काठी परवडत नाही. श्रावणात त्यांनी धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) रांजीतला, म्हणजे बांबूच्या बेटातला, हिरवा बांबू तोडून एक काठी केली, तर महिन्याभरात तिच्यातून पिवळी भुकटी गळायला लागली आणि जेमतेम अर्ध्या किलोच्या मासोळीनं शेंडा मोडला. त्यांचे प्रश्न तीन: बांबू कोणता घ्यायचा, तो टिकवायचा कसा आणि दोनशेत हे सगळं बसतं का?

बसतं, भाऊ. उलट थोडे पैसे उरतात. आमच्या घरात तीन पिढ्या बुरुडकाम चालत आलं आहे. सुपं, टोपल्या, ताट्या विणता विणता मी वैनगंगेच्या काठावर तीस-पस्तीस वर्षं गळही टाकतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, बांबूच्या काठीला पैसा फार लागत नाही, दिवस लागतात. तुमची काठी वाया गेली ती पैसे कमी पडले म्हणून नाही, चुकीच्या महिन्यात तोडलेला कोवळा बांबू तसाच वापरला म्हणून. त्यामुळे मी बांबूवरच जास्त बोलणार आहे. बाकीचं सोपं आहे.

आपल्या विदर्भात मुख्यतः दोन बांबू मिळतात. एक मानवेल, दुसरा काटेरी कटांग. कटांग जाड, पोकळ, घराच्या कामाचा. काठीसाठी तो डोक्यातून काढून टाका. मानवेल घ्या. त्यातही काळ्या ओल्या जमिनीत फोफावलेला नको, मुरमाड उतारावर, खडकाळ धुऱ्यावर कष्टानं वाढलेला पाहा. तिथं मानवेल बारीक राहतो आणि आतून जवळजवळ भरीव होतो. बुंध्याकडून कापून पाहिलात तर मधलं भोक पेन्सिलीच्या शिशाएवढं दिसतं, कधी तेही नसतं. असा बांबू वाकतो आणि परत सरळ येतो. पोकळ बांबू वाकतो तेव्हा एका बाजूनं चेपतो आणि मग तिथंच बसतो.

वय ओळखणं महत्त्वाचं. यंदा फुटलेल्या काठीवर खोळा, म्हणजे पेरांवरची कोरडी आवरणं, चिकटलेल्या असतात, पेरांवर पांढरी पूड असते, रंग पोपटी असतो. ती सोडून द्या. दिसायला ती सगळ्यात सरळ आणि गुळगुळीत असते, म्हणून नवखा माणूस नेमकी तीच तोडतो. तुमच्याकडूनही तेच झालं असावं. आपल्याला हवी ती तीन पावसाळे पाहिलेली: हिरवेपणा उतरून पिवळट-राखाडी झालेली, खोळा गळून गेलेल्या, सालीवर ठिकठिकाणी पांढरट डाग पडलेले. कोयत्याच्या पाठीनं टोला मारा. कोवळा बांबू ‘थप’ बोलतो, पिकलेला ‘टण्’. दोन-चार बांबूंवर टोले मारले की फरक कानाला कायमचा कळतो. आणि रांजीला फुलोरा आला असेल तर तिला हात लावू नका. मानवेल कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि फुलला की रांजी मरते. त्यातला बांबू ठिसूळ निघतो.

तोडायची वेळ दिवाळीनंतर ते माघापर्यंत. पावसाळ्यात रांजीत कोंब फुटत असतात. आपण काठी ओढून काढताना ते मोडतात, म्हणजे पुढच्या वर्षीचा बांबूही गेला. शिवाय त्या दिवसांत बांबूत पाणी भरलेलं असतं, वाळताना तो तडकतो आणि कीड लवकर धरतो. तुमच्या काठीतून गळणारी पिवळी भुकटी म्हणजे बारीक भुंगेऱ्याचं काम. बांबूच्या आत जे पिठूळ सत्त्व असतं ते खायला तो येतो. ते सत्त्व काढून टाकलं तर त्याला खायला उरत नाही. सगळी युक्ती एवढीच आहे.

परवानगीचंही बोलून घेतो, कारण यात लोक उगाच अडकतात. वावरातला, धुऱ्यावरचा स्वतःचा बांबू तोडायला अडचण नसावी. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. जंगलातला बांबू ही मात्र वेगळी गोष्ट. तो विचारल्याशिवाय तोडायचा नाही. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेला विचारा, नाहीतर वनरक्षकाला. रांजी नसेल तर सरळ बाजाराच्या दिवशी बुरुडाकडं जा. त्याच्याकडं वाळलेला बारीक मानवेल तीस-चाळीस रुपयांत मिळून जातो. गावागणिक भाव वर-खाली होईल. त्याला ‘काठीसाठी पाहिजे, भरीव दे’ एवढं सांगा, तो स्वतः हुडकून देईल.

लांबी दहा फूट पुरे. मुलासाठी आठ. मुठीकडं अंगठ्याएवढी जाडी, शेंड्याला करंगळीच्या नखाहून कमी. पण तोडताना दोन फूट जास्त तोडा. वाळल्यावर दोन्ही टोकांना चिरा पडतात, त्या कापून टाकायला जागा हवी.

तोडलेली काठी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात किंवा बोडीत (लहान तळ्यात) दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वर दगड ठेवायचा. पाणी साचलेलं असेल तर काठी काढल्यावर वास मारते, त्याची काळजी करू नका. त्या वासाबरोबरच ते पिठूळ सत्त्व निघून जात असतं. मग काठी धुवून, फांद्यांची खुंट कोयत्यानं सपाट करून, गाठीवर सुरीची धार फिरवून सावलीत टांगायची. उन्हात टाकली तर एका बाजूनं वाळून धनुष्य होते. आमच्याकडं ती कोठ्याच्या आढ्याला शेंडा खाली करून टांगतात आणि शेंड्याला एक वीट बांधतात. विटेच्या वजनानं अर्धा वाक आपोआप निघतो. घरात अजून चूल असेल तर त्याहून उत्तम: चुलीवरच्या धुरात महिनाभर राहिलेल्या बांबूला भुंगेरा शिवत नाही. माझ्या आजोबांची धुरात काळी झालेली एक काठी होती. मी ती स्वतः पंधरा वर्षं वापरली आणि तिला एक भोकसुद्धा पडलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी काठी हलकी लागते, रंग गव्हाळ होतो. आता ती सरळ करायची. हे काम मला सगळ्यात आवडतं आणि इथंच काठीचा जीव ठरतो.

निखारे बाभळीचे घ्या. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, तुराटीचंही तसंच. बाभळीचा निखारा एकसारखी ऊब देतो. ज्वाळा नको, नुसता लाल विस्तव. काठी डोळ्यापुढं धरून बुंध्याकडून शेंड्याकडं एका डोळ्यानं पाहा, बंदुकीवर नेम धरतात तशी. वाक कुठं आहे त्या जागी खडूनं खूण करा. बहुतेक वाक गाठीवर असतात, पेरात कमी. आधी गाठी, मग पेरं.

खूण केलेली जागा विस्तवापासून चार बोटं वर धरून सतत फिरवत राहा, पोळी भाजताना फिरवतो तशी. मिनिट-दीड मिनिटात साल चकाकायला लागते आणि तिच्यावर तेलासारखे बारीक थेंब येतात. हा बांबूचा घाम. चिंधीनं पुसून टाका. आता हाताला जाणवतं की काठी ढिली पडली. हे शब्दांत सांगता येत नाही, पण एकदा जाणवलं की विसरत नाही. लगेच वाकाच्या उलट बाजूला, जरा जास्तच, गुडघ्यावर हळू दाबा आणि ओल्या फडक्यानं थंड होईपर्यंत धरून ठेवा. सोडलं की थोडं परत येतं, म्हणून जास्त दाबायचं. घाम न येता दाबलं तर काठी तडकते. घाम येऊनही तापवत राहिलं तर साल काळी पडते आणि तिथं काठी मेली समजा. एका जागेवर तीनदा प्रयत्न करूनही वाक गेला नाही तर राहू द्या, मासोळीला थोडा वाक चालतो. पोकळ पेर असेल तर तापवताना तोंड लांब ठेवा. आतली हवा फुगून तो फटाक्यासारखा फुटतो. मूल जवळ बसलेलं असेल तर हे विसरू नका.

आता परीक्षा. मूठ टेबलाला घट्ट दाबून धरा, शेंड्याला पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बांधा आणि सोडा. वाक शेंड्यापासून सुरू होऊन हळूहळू मधल्या पेरांपर्यंत उतरला पाहिजे. एकाच गाठीवर कोन झाला तर ती गाठ कमजोर आहे. तिथं दोऱ्याचे घट्ट वेढे घालून आधार द्या, नाहीतर काठी तिथून कापून आखूड करा. बाटली काढल्यावर काठी सरळ झाली की झालं. तुमच्या जुन्या काठीचा शेंडा कोवळ्या बांबूचा होता. असा शेंडा आधी वाकून बसतो आणि मग एका दिवशी मोडतो.

शेंडाच मोडला, बाकी काठी चांगली आहे अशी वेळ आली तर फेकू नका. काही छत्र्यांत फायबरच्या काड्या असतात; अशा मोडक्या छत्रीची काडी काढा, लोखंडाची नव्हे. ती दहा-बारा इंच घ्या, काठीच्या टोकाला बारीक भोक पाडून अराल्डाइट लावून तीन बोटं आत बसवा, बाहेरून दोऱ्याचे वेढे द्या. चिलापीसारखी हलकी टोचणारी मासोळीसुद्धा अशा शेंड्यावर स्पष्ट कळते. पीव्हीसीच्या पाइपाची काठी मात्र करू नका. बरेच जण करतात कारण पाइप सरळ मिळतो. पण उन्हात तो मऊ होतो, वाकला की वाकलेलाच राहतो, आणि गळ ओढताना त्यात जोर येत नाही.

काठीला पाणी लागू नये म्हणून तेल हवं. इथं आपलं विदर्भ सुदैवी आहे, कारण जवस घरचं असतं. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणून रंगाच्या धंद्यातही तेच वापरतात. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल तसं वाळत नाही, काठी चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाचं तेल चिंधीनं अगदी पातळ लावा, तासाभरानं पुसून टाका आणि चार-पाच दिवस वारा लागू द्या. असं तीनदा. जाड लावलं तर आठवडाभरानंही बोटं चिकटतात. एक गोष्ट मनापासून सांगतो: तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात, कडब्याजवळ टाकू नका. जवसाचं तेल वाळताना स्वतःहून तापतं आणि चिंध्यांचा बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. चिंधी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

एसटीनं न्यायची असेल तर काठी दोन तुकड्यांची करावी लागते. त्यासाठी घरावर गंजत पडलेल्या जुन्या टीव्ही अँटेनाची अॅल्युमिनियमची नळी फार कामाची. वीतभर नळी खालच्या तुकड्यावर अर्धी बसवून चिकटवा, वरचा तुकडा उरलेल्या अर्ध्यात घट्ट जाईल असा तासून घ्या. नळीच्या दोन्ही तोंडांजवळ बांबूवर दोरा गुंडाळायला विसरू नका, नाहीतर जोर पडला की बांबू तिथूनच उभा चिरतो. मुलगा गावातच खेळणार असेल तर सांधा करूच नका. अखंड काठीची मजा सांध्याच्या काठीला नाही.

आता दोरा, म्हणजे नायलॉनचा तंगूस. इथं पैसे वाचवायचे नाहीत. रीळ नसलेल्या काठीला दोरा काठीच्या लांबीएवढाच किंवा हातभर कमी हवा, म्हणजे पंचवीस मीटरच्या गुंडाळीत सात-आठ वेळा नवा बांधता येतो. जाडी ०.३० मिलिमीटर. एवढा दोरा साधारण पाच-सहा किलोचा ओढा सोसतो आणि आपल्या तलावातल्या दोन किलोच्या मासोळीला पुरतो. माझा एक नियम आहे: काठीपेक्षा दोरा कमजोर हवा आणि दोऱ्यापेक्षा गळाजवळचा तुकडा कमजोर हवा. गळाच्या बाजूला हातभर ०.२० चा तुकडा जोडा. पाण्यातल्या बाभळीच्या खोडात गळ अडकला तर तो हातभर तुकडा आणि एक गळ जाईल, काठी आणि बाकीचा दोरा हातात राहील. लोक जाड दोरा लावतात, कारण तो तुटत नाही. मग दोऱ्याऐवजी काठी तुटते. दोरा अंधारात, कपाटात ठेवा. ऊन आणि धुराड्याजवळची ऊब नायलॉनला कमजोर करते. वर्षाला एकदा नवा घातलेला बरा.

दोरा शेंड्याला नुसता बांधू नका. माझ्या लहानपणी तसा बांधलेला होता. मोठी मरळ लागली, शेंड्याकडची वीतभर काठी मोडली आणि तो तुकडा, दोरा, गळ सगळं घेऊन मरळ गाळात गेली. आजोबांनी त्या दिवशी दाखवलं ते असं: दोऱ्याचं टोक शेंड्यापासून तीन-चार गाठी खाली, जिथं काठी बोटाएवढी जाड आहे, तिथं पक्कं बांधायचं. तिथून दोरा काठीला लांब वेढे घेत शेंड्यापर्यंत न्यायचा आणि शेंड्यावर दोन घट्ट वेढे देऊन सोडायचा. शेंडा मोडला तरी मासोळी अजून काठीलाच बांधलेली असते.

वेढे घालायची रीत सांगतो, कारण काठीवर पाच ठिकाणी तीच लागते. शिलाईचा जाड दोरा घ्या, रेशमी असेल तर फारच छान. दोऱ्याचं टोक काठीवर आडवं ठेवून त्याच्यावरूनच सात-आठ वेढे घाला म्हणजे टोक आत दबतं. पुढचे वेढे एकाला एक लागून, वाटीच्या काठावर मुंग्या बसाव्यात तसे. शेवटचे आठ वेढे उरले की तंगूसाचा एक दुमडलेला फासा काठीवर ठेवा आणि त्याच्यावरून वेढे पुरे करा. दोऱ्याचं टोक फाशात घाला, फासा ओढून काढा, टोक वेढ्यांखाली गडप होतं. वरून बायका लावतात ते बिनरंगी नखपॉलिश दोन हात लावा. दहा-वीस रुपयांची बाटली दोन काठ्यांना पुरते.

गळ, तुमच्याकडं कदाचित गरी म्हणत असतील, आकड्यांनुसार मिळतो. आकडा मोठा तसा गळ लहान. चिलापी, टेंगरा, लहान मृगळ यांना आठ नंबर. मरळीसाठी एक किंवा एक-शून्य. मुलासाठी दहा नग आठ नंबरचे पुरेत. घरी आणल्यावर पहिलं काम: पक्कडीनं गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. दोरा ताणून धरला तर त्यानं मासोळी फारशी सुटत नाही, पण बोटात घुसलेला गळ सहज निघतो. काट्यासकट घुसला तर ओढाओढ न करता दवाखान्यात न्यावं लागतं, धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यावं लागतं. लहान मुलाच्या हातात काट्याचा गळ मी देत नाही, तुम्हीही देऊ नका.

गळ बांधायची गाठ एकच शिका. दोरा गळाच्या कानातून ओवा, टोक मूळ दोऱ्याभोवती सहा वेढे फिरवा, मग ते टोक कानाजवळच्या पहिल्या भोकातून आत घाला. थुंकीनं ओलं करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणानं नायलॉन तापतो आणि गाठ तिथंच अर्धी मरते. ‘मासोळीनं दोरा तोडला’ असं लोक सांगतात. त्यातल्या निम्म्या वेळी तुटलेली असते ती गाठ. दोऱ्याचं टोक गुरगुटलेलं, शेपटासारखं वळलेलं दिसलं तर गाठ सुटली, दोरा तुटला नाही, हे लक्षात ठेवा.

वजनासाठी शिसं सगळेच घेतात. शिसं विषारी आहे आणि मुलं ते दातानं दाबतात. त्यापेक्षा सायकलच्या दुकानातून दोन लहान नट आणा. तरंगणाऱ्या काडीला तर एक पैसा लागत नाही. ज्वारीच्या कणसाखालची लांब कांडी आतून भुसभुशीत असते. बोटाएवढा तुकडा कापून दोन्ही टोकांना मेण लावा. जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा गोल कापून मधून भोक पाडला तरी चालतो. काडी एवढीच भारी हवी की पाण्यावर तिचं बोटाचं एक पेर दिसावं. पूर्ण आडवी तरंगत असेल तर नट वाढवा.

आमिषाला गांडूळ सगळ्यात उत्तम, शेणखताच्या ढिगाखाली भरपूर मिळतात. रोहू-मृगळासाठी कणकेत थोडी जवसाची ढेप मळून घट्ट गोळी करा. मरळीला बरेच जण जिवंत बेडूक लावतात. ते करू नका. पावसाळ्यात पिवळा होणाऱ्या मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. झिंगे लावा, मरळ तेही आवडीनं घेते.

हिशेब असा: बांबू विकत घेतला तर चाळीस, तंगूसाच्या दोन जाडीच्या गुंडाळ्या साठ-सत्तर, दहा गळ तीस, जवसाचं तेल तीस, नखपॉलिश वीस. दोनशेच्या आत. रांजी घरची असेल तर दीडशेच्याही आत. पुढं मुलाला लांब टाकायची हौस आली तर रीळ घेऊ नका. पाण्याच्या जाड बाटलीवर तीस मीटर तंगूस गुंडाळा. बाटलीचं तोंड पाण्याकडं करून दुसऱ्या हातानं गळ-नट फिरवून फेकला की दोरा आपोआप सुटत जातो. त्याला काठीही लागत नाही.

तलावाचं सांगायलाच हवं. आमच्या भंडारा-गोंदियातले मामा (माजी मालगुजारी) तलाव, तसंच तुमच्याकडचे प्रकल्प, बहुतेक मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असतात. ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांनी पैसे भरून तिथं मत्स्यबीज सोडलेलं असतं. लहान मुलाच्या एका काठीला कोणी सहसा हटकत नाही, पण आधी संस्थेच्या माणसाला भेटून विचारणं हा त्यांचा मान आहे. ताडोबा, नवेगाव-नागझिरा अशा राखीव क्षेत्रात गळ टाकायचाच नाही. पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसतो आणि आई-बाप खाली राखण करत असतात. तिथं गळ टाकला तर राखणीवरची मरळ चटकन लागते, आणि सगळी पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. मुलाला तो पुंजका दाखवा आणि काठी उचलून पुढं न्या. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. तो काठावर राहिला तर बगळ्यांच्या, आणि गोंदियाकडं सारसाच्याही, पायात अडकतो.

धोका दोन गोष्टींचा. वावरावरून वीज कंपनीच्या तारा गेलेल्या असतात आणि ओल्या बांबूतून करंट येतो. तारांखाली काठी उभी धरून चालायचं नाही, आडवी धरायची. दुसरं, ढग गडगडायला लागले की काठी खाली टाकून काठावरून निघायचं, झाडाखाली नाही, पक्क्या घरात. या दोन गोष्टी मुलाकडून पाठ करून घ्या.

तुम्ही आता लगेच काय करायचं? मुलाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगू नका. या बाजाराला बुरुडाकडून वाळका बांबू घ्या, विस्तवावर सरळ करा, तेलाचा एक हात लावा, आठ दिवसांत तो पाण्यावर बसेल. आणि दिवाळीनंतर त्यालाच सोबत घेऊन धुऱ्यावर जा, टोले मारून त्याच्याच कानानं बांबू निवडू द्या. तो भिजून, वाळून, सरळ होऊन होळीपर्यंत हातात येतो. उन्हाळ्यात तलाव आटून मासोळ्या खोलात गोळा होतात, नवी काठी तेव्हाच बाहेर काढा. रोज घरी आल्यावर काठी पुसून दोन खिळ्यांवर आडवी टांगायची, भिंतीला टेकवून उभी ठेवायची नाही, आणि गळ बुचात टोचून ठेवायचा.